विजेत्या विल्यमचे तीन पुत्र

इंग्लंड जिंकणारा नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हा इ. स. १०८७ च्या सप्टेंबरांत रूआं येथें मरण पावला. वांटणी अशी झाली : ज्येष्ठ रॉबर्टला नॉर्मंडी, मधल्या विल्यम रूफसला इंग्लंडचा मुकुट आणि धाकट्या हेन्रीला ५,००० पौंड चांदी. जमीन तसूभरही नाहीं! ज्येष्ठाला मुकुट मिळाला नाहीं, यांत नवल नव्हतें. १०७९ त जेर्बरॉय येथें ह्याच रॉबर्टनें बंड करून प्रत्यक्ष बापाला घोड्यावरून खालीं पाडलें होतें.

परंतु ही वांटणी भावांपेक्षां सरदारांनाच अधिक जाचली. त्यांच्या जहागिरी इंग्लिश खाडीच्या दोन्ही तीरांवर. एका धन्याची चाकरी करावी, तर दुसऱ्याकडील जमीन जावयाची. दोन्ही राज्यांचा धनी एकच असावा, हेंच त्यांच्या हिताचें. म्हणून १०८८ त राजाचा सावत्र चुलता ओडो याच्या पुढारीपणाखालीं कित्येक सरदार रॉबर्टच्या बाजूनें उठले. रॉबर्ट मात्र खाडी ओलांडून आलाच नाहीं! तो शूर होता, पण निश्चयी नव्हता. शिवाय हात सदा रिकामा. त्याच सुमारास त्यानें कोटांतां प्रांत हेन्रीला ३,००० पौंडांस विकला. पुढें १०९१ त थोरल्या दोघांनीं समेट करून हेन्रीला माँ सें मिशेलच्या बेटावर कोंडलें. तेथें पाण्यावांचून तळमळणाऱ्या धाकट्याला रॉबर्टनेंच पाणी नेऊं दिलें, असें बखरकार सांगतात.

१०९६ त धर्मयुद्धास जाण्यासाठीं रॉबर्टनें अख्खी नॉर्मंडी रूफसकडे १०,००० मार्कांस गहाण टाकली. तो परतीच्या वाटेवर असतांच २ ऑगस्ट ११०० रोजीं न्यू फॉरेस्टच्या अरण्यांत शिकारीचा बाण लागून रूफस ठार झाला. तो अपघात कीं घात, याचा निकाल आजवर लागलेला नाहीं. शिकारींत असलेला हेन्री मात्र भावाच्या प्रेतापाशीं थांबला नाहीं. तो तडक विंचेस्टरच्या खजिन्यावर गेला, आणि ५ ऑगस्टला वेस्टमिन्स्टरमध्यें त्याचा राज्याभिषेकही झाला!

११०१ त रॉबर्ट सैन्यासह पोर्ट्स्मथला उतरला खरा. पण वर्षाला ३,००० मार्कांच्या तनख्यावर मुकुटाचा हक्क सोडून परत गेला. हेन्री इतक्यावर थांबणारा नव्हता. २८ सप्टेंबर ११०६ रोजीं तांशब्रेच्या लढाईंत त्यानें रॉबर्टला जिवंत पकडलें. बरोबर ४० वर्षांपूर्वी, ह्याच तारखेला, त्यांचा बाप इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला होता. त्या वेळीं नॉर्मंडीनें इंग्लंड जिंकलें. आतां इंग्लंडच्या राजानें नॉर्मंडी जिंकली.

रॉबर्टची कैद २८ वर्षें चालली. ११३४ त ऐशीच्या घरांत पोहोंचलेला तो ड्यूक कार्डिफच्या किल्ल्यांत वारला. हेन्री पुढल्याच वर्षीं गेला. त्याचा एकुलता औरस पुत्र ११२० तच जहाज फुटून बुडाला होता. मुकुटासाठीं आतां त्याची कन्या माटिल्डा आणि भाचा स्टीफन समोरासमोर उभीं ठाकलीं.