मेहताच्या वहीपासून बीएमएसपर्यंत

भिवंडीतल्या यंत्रमागाच्या कारखान्यात मालकाखालोखाल वजन असते ते मेहताचे. सूत किती आले, कुठल्या मागावर कोणते बीम चढले, कोणत्या विणकराचे किती मीटर झाले, त्याने उचल किती घेतली, व्यापाऱ्याकडे किती ताके गेले, हे सारे त्याच्या वहीत असते. मेहता होण्यासाठी कोणी कॉलेजात जात नाही. जुन्या मेहताच्या हाताखाली काही वर्षे काढायची, चुका खायच्या, शिव्या खायच्या, मग एक दिवस वही आपल्याकडे येते. आज मॅनेजमेंट म्हणून फी घेऊन जे शिकवले जाते त्यातले उत्पादन, मजुरी, साठा आणि उधारी हे चारही विषय या वहीत आहेत. वहीतले हे ज्ञान वर्गात कसे गेले, आणि भिवंडीत परतले तेव्हा त्याचे काय झालेले होते, याचा हा मागोवा.

कारकुनी लिहून शिकवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर चालत आलेली मेस्तके म्हणजे दफ्तर आणि हिशेब कसा ठेवावा याची सूत्रेच. पुढे पेढीवर कीर्द-खतावणी आणि मोडीचे वळण पोराला बसवले जाई. पण ते घराण्यात किंवा गादीजवळ. पदवी नाही, परीक्षा नाही, आणि बाहेरच्याला तर प्रवेशच नाही.

हे दार मुंबईत उघडले. 1900 मध्ये सोहराब दावर यांनी खासगी व्यापारी कॉलेज काढले. तिथे येणारी मुले बहुतेक नोकरीच्या आशेने येत. गोऱ्या कंपन्यांना, बँकांना, गोदीतल्या कचेऱ्यांना दुहेरी नोंदीचा हिशेब जाणणारी माणसे हवी होती. मग 1913 मध्ये सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे नाव त्याला मिळाले, आणि वाणिज्य हा विषय मुंबई विद्यापीठाच्या पदवीला पोचला. आशियातले हे पहिले वाणिज्य महाविद्यालय असे अभिमानाने सांगितले जाते, पण मला त्याहून बोलकी वाटते ती तारखांची जवळीक. हार्वर्डची बिझनेस स्कूल 1908 ची, म्हणजे मुंबई अवघी पाच वर्षे मागे होती. अर्थात हार्वर्डला कंपनी चालवणारे घडवायचे होते आणि मुंबईला कंपनीचा हिशेब ठेवणारे. वसाहतीत मालकी कोणाची आणि कारकुनी कोणाची, हे अभ्यासक्रमातही दिसे.

तरी सिडनहॅमला नुसते कारकून घडवणारे कॉलेज म्हणणे अन्यायाचे होईल. हिशेबशास्त्रातले के. एस. अय्यर यांचा त्याच्या सुरुवातीच्या घडणीत मोठा हात होता. पर्सी अ‍ॅन्स्टे प्राचार्य होते. 1918 ते 1920 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राज्य अर्थशास्त्र शिकवत होते. त्या पगारातून पैसे साठवून ते अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्यानंतरचा. वाणिज्याच्या वर्गात चलन, कर आणि मजुरी यांवर मूलभूत बोलणारा माणूस उभा होता, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात फार कमी वेळा आठवली जाते.

पदवी स्थिरावली, वाणिज्याची कॉलेजे वाढली: 1941 मध्ये माटुंग्याचे पोदार, 1943 मध्ये पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय. पण धंदा चालवणे हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे हे आपल्याकडे मान्य व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले, आणि ते मान्य झाले कापडगिरणीत. अहमदाबादच्या गिरणीमालकांनी 1947 मध्ये ‘अटिरा’ ही संशोधन संस्था उभारली. विक्रम साराभाई तिचे सूत्रधार. धागा आणि आर्द्रता यांच्याबरोबर तिथे कामगाराच्या मनाचाही अभ्यास होई; मानसशास्त्राचा विभाग कमला चौधरींकडे होता. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन का वाढत नाही, हा प्रश्न होता. राइस यांना दिसले की बारा प्रकारची कामे बारा प्रकारच्या माणसांत वाटलेली आहेत, आणि कोण कोणासोबत काम करतो हेच कोणाला सांगता येत नाही. मग सात-सात जणांचे गट करून प्रत्येक गटाकडे 64 माग सोपवले गेले. आतली वाटणी त्यांनी आपसात करायची. उत्पादन वाढले, खराब कापड घटले. जगभरच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हा प्रयोग अजून सापडतो. मागाच्या कारखान्यातून निघालेले इतके स्वच्छ संशोधन दुसरे मला माहीत नाही.

याच वातावरणातून पुढची संस्था आली. 1959 मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या सल्ल्यासाठी कॅलिफोर्नियाचे जॉर्ज रॉबिन्स भारतात फिरले. राष्ट्रीय व्यवस्थापन संस्थेसाठी मुंबईचे नाव पुढे होते, आणि ते साहजिकच होते. पण मुंबईत ते जुळले नाही. साराभाई, कस्तुरभाई लालभाई आणि गुजरातचे मुख्यमंत्री जीवराज मेहता यांनी संधी साधली, आणि 1961 मध्ये आयआयएम अहमदाबादला गेली. त्याच वर्षी एक कलकत्त्यातही निघाली. गिरणीमालक, राज्य, केंद्र आणि परदेशी फाउंडेशन एका मंडळात बसले, संस्था विद्यापीठाच्या बाहेर राहिली. अध्यापन हार्वर्डकडून आले, विटांची इमारत लुई कान यांच्याकडून. नियंत्रण कोणाचे हा वाद मात्र कधी मिटला नाही. 2017 च्या कायद्याने मंडळांना मोठी मोकळीक दिली, 2023 च्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना कुलाध्यक्ष करून तिला लगाम घातला. त्याच दुरुस्तीने पवईची 1963 सालची ‘निटी’ ही औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था आयआयएम मुंबई झाली. गेलेली संधी बासष्ट वर्षांनी दुसऱ्या दाराने आली म्हणायची.

मुंबईने मधल्या काळात हात बांधून घेतले नव्हते. 1965 मध्ये विद्यापीठाने चर्चगेटला जमनालाल बजाज संस्था काढली. मदत स्टॅनफर्डची, देणगी बजाजांची. इथे फरक लक्षात घेण्यासारखा आहे. ही संस्था विद्यापीठातच राहिली, तिची फी बराच काळ माफक राहिली, आणि दिमाखदार आवाराऐवजी तिला कचेऱ्यांचा शेजार मिळाला. लोकलने येणारा मुलगाही तिथे बसू शके.

आणि 1966 मध्ये, बजाजनंतर एकाच वर्षाने, भिवंडीत बीएनएन कॉलेज निघाले. धामणकर नाक्यावरचे हे कॉलेज नावातच भिवंडी निजामपूर नगरपालिका मिरवते. ते चालवणाऱ्या मंडळाला आज पद्मश्री अण्णासाहेब जाधव यांचे नाव आहे. दोन्ही संस्था एकाच मुंबई विद्यापीठाच्या. एक विद्यापीठाचा विभाग, दुसरे संलग्न कॉलेज. एकीकडे अभ्यासक्रम ठरे, दुसरीकडे तो पोचे.

पोचत होता तो कोणाकडे? 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती या गावात पिढ्यांपासून होती. विसाव्या शतकात हातमागाच्या जागी वीजमाग आले. तेलुगू पद्मशाली आले, त्यांचे पद्मानगर झाले. जानेवारी 1982 मध्ये मुंबईतला गिरणीसंप सुरू झाला, तो मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, आणि गिरण्यांचे काम भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये आले. कारखाना कायद्याच्या कचाट्यात येऊ नये म्हणून एकाच छताखालचे माग कागदोपत्री भाऊ, मेहुणे, मुलगे यांच्यात वाटलेले असत. सूत व्यापाऱ्याचे, माग मालकाचा, दर दलालाने कळवलेला. ज्या प्रश्नावर राइस अहमदाबादला पोचले होते तो प्रश्न इथे लाखो मागांवर उभा होता. मुंबईच्या वर्गखोल्यांतून इकडे कोणी फिरकले असते तर वर्षभर पुरेल इतके शिकून गेले असते.

इथल्या मुलांनी बी.कॉम. केले, आणि चांगले केले. त्यातून बँकेत, जकात नाक्यावर, कर सल्लागाराकडे, मुंबईतल्या कंपनीत जागा मिळाली. कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीच्या जी. एम. मोमीन महिला महाविद्यालयामुळे मागाच्या घरांतल्या मुलींनाही पदवीची वाट सापडली. या गावात ही गोष्ट लहान नाही. पण वाणिज्य शिकणे म्हणजे मागापासून सुटणे, हेच शिक्षणाचे अलिखित उद्दिष्ट राहिले. बापाला वाटे मुलाने वही धरू नये.

1999-2000 पासून विद्यापीठाने बीएमएस आणले, म्हणजे बारावीनंतर थेट मॅनेजमेंट. अभ्यासक्रम विनाअनुदानित, म्हणजे खर्च विद्यार्थ्याच्या फीतून. उपनगरांत आणि ठाणे जिल्ह्यात तो झपाट्याने पसरला. निवडायला अर्थ, विपणन आणि मनुष्यबळ. व्यवस्थापनाचा विषय कापडातून जन्मला होता, भिवंडीच्या परिसरात पोचेपर्यंत त्यातले कापड गळून गेले होते.

गंमत अशी की भिवंडी स्वतः मात्र व्यवस्थापनाच्या चर्चेत आली, ती विजेमुळे. 26 जानेवारी 2007 ला महावितरणने इथले वितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे सोपवले. निम्म्याहून अधिक वीज गळती आणि थकबाकीत जात होती. काही वर्षांत ती विसेक टक्क्यांवर आली. बिलांवरून मोर्चे निघाले, वाद आजही आहेत. देशभरच्या वीजक्षेत्रात ‘भिवंडी मॉडेल’ हा शब्द रूढ झाला. त्यामागोमाग गोदामे आली. माणकोली, पूर्णा, राहनाळ या गावांच्या शेतांत ती आधीच उभी राहत होती, 2017 च्या जीएसटीनंतर त्यांनी वेग धरला. आज कंपन्यांना इथे साठा, पाळ्या आणि गाड्यांचे वेळापत्रक सांभाळणारी माणसे लागतात. तेच काम मेहताने मागावर केले, फक्त आता ते स्कॅनरवर होते.

2024 मध्ये एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम आपल्या अखत्यारीत घेतले आणि राज्यात सीईटी ही प्रवेश परीक्षा सक्तीची झाली. पहिल्याच वर्षी जागा मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या. अनेक कॉलेजांनी बीएमएस हे नाव सोडून ‘बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ अशी पाटी लावली, कारण त्या नावाला सीईटी लागत नव्हती. 1913 ला सुरू झालेली पदवी पुन्हा कामाला आली. पाट्या बदलण्याची ही तत्परता विषय बदलण्यात का दिसत नाही, हे विचारायला हवे. धामणकर नाक्यापासून रिक्षाच्या अंतरावर देशातली एक मोठी यंत्रमाग वसाहत आणि देशातला एक मोठा गोदामांचा पट्टा आहे. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने सुताला खळ देण्याच्या म्हणजे साइझिंगच्या दरावर किंवा गोदामातल्या कंत्राटी पाळ्यांवर एक पेपर ठेवला, तर त्याचे क्षेत्रकाम करायला मुलांना बसचे तिकीटही काढावे लागणार नाही.