मार्व्हल २०९९

मार्व्हल कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेची भविष्यकाळावर आधारित महानायक-चित्रकथामाला. १९९२ मध्ये ‘स्पायडरमॅन २०९९’ने तिचा प्रारंभ झाला. लेखक पीटर डेव्हिड व चित्रकार रिक लिओनार्डी यांनी घडवलेला मिगेल ओ’हारा हा आयरिश-मेक्सिकन वंशाचा जनुकशास्त्रज्ञ म्हणजे यातला स्पायडरमॅन. अल्केमॅक्ससारख्या बलाढ्य कंपन्यांच्या सत्तेखाली दबलेला समाज हा मालेचा गाभा होता. स्टॅन ली यांनीही तिच्यासाठी ‘रॅव्हेज २०९९’ लिहिली.

पुढे ‘एक्स-मेन’, ‘हल्क’, ‘घोस्ट रायडर’ अशा शीर्षकांची भर पडली; परंतु १९९०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील कॉमिक्सची बाजारपेठ कोसळली आणि मार्व्हल आर्थिक संकटात सापडली. १९९६ मध्ये खर्चकपातीत मालेचे संपादक जोई कॅव्हलिएरी यांना काढून टाकण्यात आले. निषेध म्हणून डेव्हिड, वॉरन एलिस आदी लेखक बाहेर पडले. ज्यांनी हे जग उभे केले तेच गेल्याने मालेचा कणाच मोडला. ‘स्पायडरमॅन २०९९’ ४६ अंकांनंतर थांबली. उरलेली पात्रे एकत्र आणणारे ‘२०९९ : वर्ल्ड ऑफ टुमारो’ आठ अंकांत आटोपले, १९९८ च्या ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ने समारोप केला.

बड्या कंपन्यांच्या निर्दयतेची कथा सांगणारी ही माला ताळेबंदापायी बंद व्हावी, ही तिची शोकांतिका होय. मिगेल मात्र टिकला. २०२३ च्या ‘स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात तो प्रमुख भूमिकेत आहे.