रायफलीची दुर्बीण

रायफलीवर बसवून दूरचे लक्ष्य मोठे दाखविणारे व त्यावरील नेमबिंदू दर्शविणारे प्रकाशीय साधन (→ दूरदर्शक).

अमेरिकेत १८३५–४० च्या सुमारास चॅपमन-जेम्स दुर्बीण तयार झाली. विल्यम माल्कम यांनी १८५५ पासून अवर्णक भिंगे वापरून तीत सुधारणा केली.

निवड करताना वर्धन, डोळ्यापासूनचे अंतर व धक्का सोसण्याची क्षमता पाहतात. अर्धस्वयंचलित रायफलीत (→ रायफल) सरकणारा बोल्ट व बाहेर फेकले जाणारे रिकामे काडतूस यांना अडथळा होऊ नये, अशी बैठक लागते. एम१ गरँडमध्ये ८ काडतुसांची क्लिप वरून भरतात. म्हणून एम१सी प्रकारात (१९४४) दुर्बीण डावीकडे बसविली गेली. सोव्हिएट द्रागुनोव्ह रायफलीची पीएसओ-१ दुर्बीण चौपट वर्धनाची असून तिच्या वस्तुभिंगाचा व्यास २४ मिमी. आहे.

नेम जुळविताना रायफल टेकवून ठराविक अंतरावर ३ ते ५ गोळ्या झाडतात. छिद्रांच्या गटाचा मध्य व नेमबिंदू यांतील फरक उंची आणि बाजू यांच्या चकत्या फिरवून घालवितात. पाव मिनिट कोनाच्या एका टिचकीने १०० मी.वर सुमारे ७ मिमी. फरक पडतो. काडतुसाचा प्रकार बदलल्यास जुळणी पुन्हा तपासावी लागते.

सैनिकी नेमबाजी, शिकार व स्पर्धांत ही दुर्बीण वापरतात. भारतीय सेनेतही द्रागुनोव्ह वापरात आहे.