पंगतीत मिकी, दारात बहुरूपी

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मिकी माउसच्या सोबतीनं नाश्ता करायचा असेल, तर टेबल साठ दिवस आधीपासून धरता येतं. बुकिंग तिथल्या पहाटे सहाच्या सुमारास उघडतं. जगभरचे आईबाप त्या वेळी मोबाइल हातात घेऊन बसलेले असतात, कारण गर्दीच्या दिवसांतली टेबलं बघता बघता संपतात. त्या क्षणी दुधनीत दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. तिकडे हिवाळा असेल तर साडेचार.

दुधनी म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या अगदी काठावरचं, अक्कलकोट तालुक्यातलं गाव. घराघरांत कन्नड, सरकारी कागदावर मराठी. पलीकडे कर्नाटकाचा कलबुर्गी जिल्हा. सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरचं स्टेशन आणि भुसार मालाचा बाजार ही गावाची ओळख. मिकीच्या टेबलाचा आणि या गावाचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. संबंध आहे. सोंग घेतलेल्या माणसाला जेवणाशी जोडण्याची रीत या सीमाभागाला डिस्नेच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. फक्त तिथे जेवायला कोण बसायचं आणि ताट कोण वाढायचं, याचा हिशेब उलटा होता.

आधी डिस्नेचा हिशेब पाहू. या जेवणाला तिकडे ‘कॅरेक्टर डायनिंग’ म्हणतात. माणशी दर ठरलेला. तीन वर्षांखालच्या मुलांना फुकट, तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचा दर वेगळा, दहाव्या वर्षापासून मूल मोठ्यांत मोजलं जातं. बहुतेक ठिकाणी बुफे, नाहीतर टेबलावर आणून वाढलेलं जेवण. तुम्ही खात असता आणि मिकी, गुफी, डोनाल्ड एकेक टेबल घेत तुमच्यापर्यंत येतात. मुलाला मिठी मारतात, वहीवर सही करतात, फोटो काढू देतात आणि पुढे सरकतात. भेट मिनिटा-दोन मिनिटांची. टेबल धरून आयत्या वेळी आलाच नाहीत, तर माणशी दंड कार्डावरून वळता होतो.

म्हणजे पैसे पॅनकेकचे नसतात. बागेत हाच मिकी उन्हात रांग लावून भेटतोच. टेबलावर विकली जाते ती खात्री. तो येणार, तुमच्याकडे येणार, तुम्हाला उठावं लागणार नाही.

ही खात्री विकायला डिस्नेला बरीच वर्षं लागली. मिकी पडद्यावर आला १९२८ मध्ये. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड उघडलं १७ जुलै १९५५ रोजी, आणि तेव्हा कंपनीकडे पात्रांचे स्वतःचे पोशाखही नव्हते. ‘आइस केपेड्स’ नावाच्या बर्फावरच्या नाचाच्या कंपनीकडून ते उसने आणले होते. फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये सुरू झालं. १९८२ मध्ये तिथे एप्कॉट हे दुसरं उद्यान आलं, आणि त्यात जेवणाचं टेबल धरण्यासाठी स्पर्शानं चालणारे पडदे होते. पडद्यावर बोट ठेवायचं, समोर कर्मचाऱ्याचा चेहरा दिसायचा, त्याच्याशी बोलून वेळ पक्की करायची. स्मार्टफोनच्या पंचवीस वर्षं आधीचा हा व्हिडिओ कॉल, आणि तो कशासाठी, तर जेवायला जागा मिळावी म्हणून. १९९० मध्ये ‘शेफ मिकीज’ हे उपाहारगृह निघालं आणि १९९५ मध्ये ते कंटेम्पररी या रिसॉर्टमध्ये गेलं. पुढे फोन, मग वेबसाइट, मग अॅप.

आता आपल्याकडचा हिशेब.

बहुरूपी गावात यायचा तो सुगी झाल्यावर, घरात धान्य असताना. आज राम, उद्या फौजदार, परवा तलाठी. फौजदार होऊन तो दारात उभा राहायचा, खोट्या गुन्ह्याचं खोटं समन्स वाचायचा, घरातली पोरं आधी घाबरायची आणि मग हसायची. कधी तो भलत्याच लग्नाचं आमंत्रण द्यायचा आणि अशा पदार्थांची यादी सांगायचा, जे कुणी कधी खाल्ले नाहीत आणि खाणारही नाही. सीमेपलीकडच्या कन्नड मुलखात याच परंपरेतल्या कलावंतांना ‘हगलु वेषगाररु’ म्हणतात. हगलु म्हणजे दिवस. नाटकातला नट रात्री, दिव्यांच्या उजेडात, मंचावर सोंग आणतो. हा भर दिवसा, तुमच्याच अंगणात. काही दिवस रोज नवं सोंग दाखवायचं आणि मुक्काम हलवण्याआधी घरोघर जाऊन आपलं मागणं मागायचं, अशी पद्धत. पसाभर धान्य, भाकरी, जुनं धडुतं, चार पैसे.

यालाही एक बुकिंग होतं. भटक्या कलावंतांच्या कुटुंबांनी गावं आपसांत वाटून घेतलेली असत. कुणाच्या वाट्याच्या गावात दुसऱ्यानं मागायचं नाही, आणि ठरलेल्या मोसमात वाट्याच्या गावी जायचंच. डिस्नेत गिऱ्हाईक पात्राची वेळ धरतं. इथे पात्र गावाची वेळ धरून ठेवायचं, तीही पिढ्यानपिढ्यांसाठी. फरक एवढाच की या बुकिंगचा कागद कुठेच नव्हता. ते गावाच्या आठवणीत होतं.

याच रेल्वेमार्गावर दुधनीहून कलबुर्गीकडे जाताना गाणगापूर रोड हे स्टेशन लागतं. गाणगापूर हे नृसिंह सरस्वतींचं, दत्त संप्रदायाचं मोठं क्षेत्र. भक्तांची श्रद्धा अशी, की दत्तगुरू रोज माध्यान्हीला इथे भिक्षेला येतात, पण कोणत्या रूपात ते कुणाला कळत नाही. म्हणून दुपारी लोक माधुकरी मागतातही आणि वाढतातही. समोर झोळी घेऊन उभा असलेला कोण, हे विचारायचं नाही, कारण तो कुणीही असू शकतो.

तिन्ही ठिकाणं शेजारी ठेवून पाहा. मिकीच्या टेबलावर सोंग ठाऊक असतं, आतला माणूस ठाऊक नसतो आणि तो ठाऊक होऊ नये असाच नियम आहे. गाणगापुरात समोर माणूस दिसतो, पण आत कोण आहे हे सांगता येत नाही. बहुरूप्याच्या बाबतीत मात्र गावाला दोन्ही ठाऊक असायचं. हा फौजदार नाही हे माहीत, हा अमक्याचा मुलगा आणि त्याचा बाप गेल्या खेपेला राम झाला होता हेही माहीत. ते माहीत असूनही घाबरल्याचं सोंग करायचं, ही गावाची भूमिका. सोंग दोन्ही बाजूंनी व्हायचं.

ही व्यवस्था गोड होती असं मात्र समजू नये. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिलं. ते महसूल खात्यातले अधिकारी, गावं आतून पाहिलेली. या फिरस्त्या मागणाऱ्यांचा शेतकऱ्यावर किती भार पडतो, हे त्यांनी कठोरपणे मांडलं. त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होतं, कारण कर्जात बुडालेल्या कुणब्याच्या दारात मागणारे संपत नसत. पण कलावंताच्या बाजूनं पाहिलं, तर दिवसभर राम होऊन संध्याकाळी हात पसरायचा, आणि तो हात जन्मानं ठरलेला. देणाऱ्यानं दिलं तर दान, नाही दिलं तर तक्रार कुठे करणार?

मग कायदा आला. मुंबई राज्याचा भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा. त्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करून दाखवणं यांच्या निमित्तानं सार्वजनिक जागी पैसे मागणंही येतं. जिथे हा कायदा लागू झाला, तिथे सोंग काढून हात पुढे करणं हा गुन्हा ठरू शकत होता. तारखा पाहा. १९५५ मध्ये उसन्या पोशाखातला मिकी कॅलिफोर्नियाच्या उन्हात उभा राहिला आणि ते काम ठरलं. चारच वर्षांनी आपल्याकडे तसंच काम कायद्याच्या पुस्तकात भीक म्हणून नोंदलं गेलं. मधली रेघ कुठली? कुंपण आणि तिकीट. कुंपणाच्या आत आगाऊ पैसे घेऊन सोंग घेतलं तर तो व्यवसाय, रस्त्यावर आधी सोंग दाखवून नंतर मागितलं तर ती भीक.

कुंपण आणि तिकीट आपल्याकडेही आलं. १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. दरम्यान गावं बदलली, टीव्ही आला, मोबाइल आला, आणि बहुरूप्याला ओळखणारी आठवण विरत गेली. आठवण हाच ज्याचा कागद होता, त्याच्याकडे मग काहीच उरलं नाही.

याचं टोक १ जुलै २०१८ रोजी दिसलं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. मेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते, भिक्षेवर फिरणारे, आणि त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे. ज्या वाटांनी अशी माणसं पिढ्यानपिढ्या फिरली, तिथे त्यांना ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. परक्याला ओळखण्याचं काम गावाच्या आठवणीकडून फोनकडे गेलं होतं, आणि फोननं खोटं सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं याच १९५९ च्या कायद्याची भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. पण तो निकाल दिल्लीपुरता. महाराष्ट्रातला मूळ कायदा त्यानं हलला नाही.

आणि मिकीच्या आतल्या माणसाचं काय? त्याचंही सगळं आलबेल नव्हतं. फ्लोरिडात पोशाखाखाली घालायचे अंतर्वस्त्रसुद्धा कंपनीचे, आलटून पालटून वापरायचे असत. कामगार संघटना भांडली आणि २००१ मध्ये प्रत्येकाला स्वतःचा वेगळा जोड मिळू लागला, जो घरी नेऊन धुता येईल. कॅलिफोर्नियात पात्रं वठवणाऱ्या आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या सुमारे सतराशे जणांच्या गटानं मे २०२४ मध्ये मतदान करून अॅक्टर्स इक्विटी या कलावंतांच्या संघटनेत जायचं ठरवलं. म्हणजे ओळख न दाखवण्याच्या कराराखाली काम करणाऱ्यांनी मतपत्रिकेवर आपली ओळख नोंदवली.

या इतिहासातून ‘जुनं ते सोनं’ असं काही निघत नाही. पसाभर ज्वारीवर कुणी पुन्हा राम व्हावं, अशी इच्छा धरणं क्रूरपणाचं आहे. निघतं ते एवढंच, की सोंग घेऊन दुसऱ्याच्या मुलाला हसवणं हे अंगमेहनतीचं, शिकावं लागणारं काम आहे, मग ते वातानुकूलित उपाहारगृहात होवो की दुधनीच्या बाजारात. एकाला दर, वेळ, करार आणि संघटना मिळाली. दुसऱ्याला दान, संशय आणि कधी कधी दगड मिळाले. दोघांच्या कलेत एवढं अंतर नव्हतं. अंतर होतं ते त्यांच्यासमोर उभ्या असलेल्यांच्या नजरेत. पुढच्या वेळी सिग्नलला एखादा रंगवलेला हनुमान काचेवर टकटक करेल, तेव्हा नाणं द्यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण तो काम करतो आहे, एवढं समजायला साठ दिवस आधी बुकिंग करावं लागत नाही.