पखालजी आणि पोटशूळ

लांबच्या मजलेत घोड्याला पोटशूळ उठला की स्वाराच्या हाती फार थोडे उरते. घोड्याला उलटी होत नाही. वायू कोंडला, चारा अडकला किंवा आतड्याला पीळ पडला तर आतला दाब वाढतच जातो. घोडा खुराने जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, लोळू लागतो, लीद बंद होते. आज नाकातून नळी घालून पोट रिकामे करतात, वेळ पडल्यास भूल देऊन पोट उघडतात. सतराव्या शतकात यातले काही नव्हते. हिंग, ओवा, सुंठ यांनी साधा वायू सरत असेल. पिळापुढे त्यांचे काही चालत नसणार. म्हणून मराठी घोडदळाने या संकटाला कसे तोंड दिले याचा माग औषधांपेक्षा पागेच्या बंदोबस्तात अधिक लागतो, असे मला वाटते.

सभासद बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पखालीतून पाणी पुरवणारा, आणि एक नालबंद सांगितला आहे. या हिशेबात वैद्य नाही. दौडीत घामावाटे पाणी आणि क्षार जातात, रक्त स्नायूंकडे वळते, आतड्यांची हालचाल मंदावते आणि कोरडा चारा आत तटतो. पखालजी पोटशुळासाठीच नेमला होता असे म्हणणे ताणाताणीचे होईल, पण वेळेवर पाजलेल्या पाण्याने जे टळते ते नंतरच्या काढ्याने निस्तरत नाही. औषधांचा उल्लेख बखरीत येतो तो पावसाळी छावणीच्या तयारीत, म्हणजे घोडा थांबलेला असताना.

कोकणात हा प्रश्न अधिक बिकट. खांबजवळचा सुरगड किंवा रोह्याचा अवचितगड घ्या: भोवतालचा मुलूख भाताचा, म्हणून वैरण मुख्यतः पेंढा. देशावरचा घोडा कडबा आणि हरभऱ्याच्या चंदीवर पोसलेला. त्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव नेहमीच्या चाऱ्याला सरावलेले असतात आणि नव्या चाऱ्याशी जुळायला त्यांना बरेच दिवस लागतात. घाट उतरताच दाणा-वैरण एकदम बदलली की पोट बिघडण्याचा धोका वाढतो. त्यात पावसाळ्यात पेंढा भिजतो, बुरसटतो. (दमून आलेल्या घोड्यापुढे भरला तोबरा धरणारा मायाळू मोतद्दार तर आणखीच घातक!)

शिवाजी महाराजांनी 1670च्या दशकात चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र या संदर्भात पाहावे. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरवा, आहे तोवर उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील, अशी ताकीद त्यात आहे. कोणी म्हणेल, या पत्रात शूळ कुठे आहे? त्याचा रोख रयतेला होणाऱ्या उपद्रवावर आहे. हे खरेच आहे, आणि पत्रावर पशुवैद्यक लादू नये. पण पत्र ज्या गोष्टीला आळा घालते, म्हणजे आज भरपूर आणि उद्या काहीच नाही, तीच घोड्याच्या आतड्याला सर्वांत बाधते. हेतू रयतेचा असला तरी त्याचा लाभ घोड्याला होतो.

दुसरा आक्षेप असा की भीमथडीची तट्टे काटक होती, त्यांना एवढ्या निगराणीची गरज काय? काटकपणाने भूक आणि चढण सोसते. पाण्यावाचून मंदावलेले आतडे त्याने चालत नाही. आजच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत निवडक, तयारीचे घोडे असतात. तरी टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य नाडी मोजतात, ती साधारणपणे मिनिटाला 64च्या आत यावी लागते, आणि दोन्ही कुशींना कान लावून आतड्यांचा आवाज ऐकतात. आवाज मंद वाटला तर उत्तम घोड्यालाही थांबवले जाते. शिवाय मोठ्या दौडींच्या कथा पोहोचलेल्या स्वारांनी सांगितल्या आहेत. वाटेत मेलेल्या घोड्यांची गणती त्यांत नसते.

शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेला पशुवैद्य आपल्याकडे फार उशिरा आला. पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा 1862 साली निघाली, मुंबईत परळचे महाविद्यालय 1886 साली. पुण्याची शाळा निघाली तेव्हाच पेशवाई बुडून चव्वेचाळीस वर्षे उलटली होती आणि ज्या पागांना त्या विद्येचा सर्वाधिक उपयोग झाला असता, त्या मोडून गेल्या होत्या.