डीडीचं माहेर

लिनक्सची अख्खी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवायची तर डीडी हा जुनाजाणता आदेश. १९७४च्या पाचव्या युनिक्सपासून तो आहे, पण त्याची बोली युनिक्सच्या घरातली नाही. बाकीचे आदेश डॅश लावून पर्याय घेतात; हा मात्र ‘आयएफ=’, ‘ओएफ=’, ‘बीएस=’ असं बोलतो.

नावाची प्रचलित कथा अशी: काम ‘कन्व्हर्ट अँड कॉपी’, म्हणून नाव सीसी हवं होतं, ते सी भाषेच्या कंपायलरनं आधीच पटकावलेलं, मग पुढचं अक्षर घेतलं. जुन्या मॅन्युअलात कामाचं वर्णन असंच आहे, त्यामुळे कथा पटते. पण ‘=’ या चिन्हाबद्दल ती अवाक्षर काढत नाही. ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ हा तर हात पोळलेल्यांचा विनोद.

माझा कौल आयबीएमला. १९६४ साली जाहीर झालेल्या ओएस/३६० मध्ये कामाचे हुकूम जेसीएलच्या कार्डांवर पंच करून द्यावे लागत. त्यातलं ‘डीडी’ म्हणजे डेटा डेफिनिशन: फाइल कुठली, ब्लॉक केवढा, सगळं ‘=’ लावून. तिथलं ‘बीएलकेसाइझ=’ आणि इथलं ‘बीएस=’ शेजारी ठेवून बघा! आयबीएमच्या एब्सिडिक अक्षरसंकेताचं आस्कीत रूपांतर करायची सोयही डीडीत आहे. आयबीएमच्या टेपा वाचायलाच तो घडवला असणार. पुण्या-मुंबईत मेनफ्रेम सांभाळलेल्यांना हे नातं सांगावंही लागणार नाही. युनिक्सच्या जनकांपैकी डेनिस रिची यांनीही पुढे नाव जेसीएलवरूनच आल्याचं सांगून टाकलं.

टेपेवरची ही ब्लॉक मोजायची सवय बूटच्या कामी आली. एमबीआर पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा: ४४६ बूट कोडचे, ६४ पार्टिशन टेबलचे, २ सहीचे. या ४४६ बाइटांना फाइलचं नाव नाही, म्हणून फाइली उचलणारा आरसिंक तिथे पोचतच नाही. डीडीला नावाशी देणंघेणं नाही. ‘बीएस=४४६ काउंट=१’ म्हटलं की टेबलला धक्का न लावता तेवढाच तुकडा येतो. अख्खी डिस्क कॅटनंही उतरते, हा आक्षेप मान्य. असा तुकडा मोजून काढणं मात्र कॅटचं काम नव्हे.

तरी ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर तेवढ्यानं उठत नाही. त्याचा पुढचा भाग पहिल्या पार्टिशनआधीच्या मोकळ्या जागेत असतो आणि त्याचा सेक्टर क्रमांक बूट कोडात कोरलेला असतो. म्हणून फाइली उचलून केलेल्या क्लोनवर, लाइव्ह यूएसबीवरून क्रूट करून, ग्रब-इन्स्टॉल चालवावंच लागतं. यूईएफआयमध्ये तर बूटची नोंद मदरबोर्डच्या एनव्हीरॅममध्ये; तिथे डीडीचा हात पोचत नाही. क्लोन दुसऱ्या मशीनवर लावायचा असेल तर ग्रब-इन्स्टॉलला ‘रिमूव्हेबल’ पर्याय द्या. डीडीच्या क्लोनवर यूयूआयडी हा ओळख क्रमांकही मूळचाच येतो, दोन डिस्कांत गोंधळ होऊ शकतो; तेव्हा पहिल्या बूटला जुनी डिस्क काढून ठेवा. आणि एंटर दाबण्याआधी ‘ओएफ=’पुढची डिस्क एलएसबीएलकेच्या यादीशी ताडून घ्या.