गुरुजींचा गुरुजी कोण?

आपल्या आयटीत नवीन माणूस रुजू झाला की त्याला एक 'बडी' देतात. पहिल्या दिवशी त्याच्या हातात प्रॉडक्शन सर्व्हरचा पासवर्ड कुणी देत नाही. महिनाभर तो डॉक्युमेंट वाचतो, लहानसहान बग सोडवतो, आणि त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ कुणीतरी सिनियर नजरेखालून घालतो. आता विचार करा, डी.एड. होऊन परवाच हजर झालेल्या बाईंना पहिल्याच दिवशी काय मिळतं? पहिली आणि दुसरीचा एकत्र वर्ग, हजेरीपट, पोषण आहाराचं रजिस्टर आणि खडू. थेट प्रॉडक्शन! बडी वगैरे काही नाही.

माझं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. अमरावतीहून बडनेऱ्यावरून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की नांदगाव लागतं. टेकडीवर खंडेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे. तालुक्यात पापळ, लोणी, मंगरूळ चव्हाळा अशी गावं आणि गावोगावी जिल्हा परिषदेच्या शाळा. त्यामुळे हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस होता, की नव्या मास्तराला शिकवायला शिकवतो कोण? या वीकांताला त्याचा इतिहास खणून बघितला, आणि निघालं ते भलतंच रंजक.

सुरुवात एका मराठी शब्दापासून करू. उमेदवारी. आज हा शब्द निवडणुकीपुरता उरलाय. पण पूर्वी कचेरीत 'उमेदवारी करणं' म्हणजे नोकरी मिळेल या आशेवर बिनपगारी किंवा नाममात्र पैशांत काम करत राहणं, आणि जुन्या कारकुनाच्या शेजारी बसून काम शिकणं. यात दोन गोष्टी होत्या. एक, पैसे कमी. दोन, शेजारी बसलेला जाणता माणूस. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेतही तेच होतं. मोठी मुलं लहानांना धुळाक्षरं गिरवून घ्यायची, आणि त्यातूनच कुणीतरी पुढे पंतोजी व्हायचा. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासमध्ये अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने अशीच पद्धत एका अनाथाश्रमाच्या शाळेत वापरली आणि 1797 मध्ये त्यावर पुस्तिका छापली. इंग्लंडमध्ये ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. पण मुलांनी मुलांना शिकवण्याच्या मर्यादा लवकरच दिसू लागल्या. मग 1846 मध्ये के-शटलवर्थ या शिक्षण-अधिकाऱ्याने सुधारित योजना आणली. तेरा वर्षांच्या हुशार मुलाने पाच वर्षं एका शाळेत 'विद्यार्थी-शिक्षक' म्हणून राहायचं. त्याला वर्षाला 10 पौंडांपासून सुरू होऊन 20 पौंडांपर्यंत विद्यावेतन.

इथवर काही विशेष नाही. खरी गंमत पुढे आहे. त्या मुलाला शिकवणाऱ्या हेडमास्तरलाही सरकार पैसे देत होतं! एका मुलामागे वर्षाला 5 पौंड, दोघांसाठी 9, तिघांसाठी 12. बदल्यात हेडमास्तरने रोज दीड तास, शाळेची वेळ सोडून, त्यांना शिकवायचं. म्हणजे नवख्याला घडवणं हे 'जमलं तर करा' छाप काम नव्हतं. त्या कामाला दर होता आणि वेळ ठरलेली होती.

आता वऱ्हाडात येऊ. 1853 मध्ये निजामाने कंपनीच्या फौजेच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढच्याच वर्षी, 1854 मध्ये, वुडचा खलिता आला. हिंदुस्थानातल्या आधुनिक शिक्षणव्यवस्थेची ब्लूप्रिंट म्हणून आपण तो शाळेत पाठ केलाय. पण पाठ करताना एक बारीक गोष्ट निसटते. या खलित्यात विद्यार्थी-शिक्षकांची हीच पद्धत इथेही आणावी असं सुचवलंय, आणि त्यांना शाळेच्या वेळेबाहेर शिकवणाऱ्या मास्तरला थोडा मोबदला द्यावा याचाही उल्लेख आहे. म्हणजे मेंटॉरचा भत्ता आपल्याकडे कागदावर 1854 सालीच आला होता!

मग झालं काय? 1862 मध्ये खुद्द इंग्लंडनेच हात आखडता घेतला. रॉबर्ट लो यांच्या 'रिव्हाइज्ड कोड'ने हे थेट अनुदान बंद केलं आणि त्याजागी 'निकालाप्रमाणे पैसे' आणले. इन्स्पेक्टर येणार, मुलांची परीक्षा घेणार, किती पास झाले ते मोजणार, त्यावर शाळेचं अनुदान ठरणार. वऱ्हाडात शिक्षणखातं उभं राहत होतं ते याच 1860 च्या दशकात. पद्धत इथे रुजायच्या आधीच तिच्या माहेरी तिचे पंख छाटले गेले होते. पुढे आपल्या खेड्यापाड्यांत शाळेच्या कारभाराचा चेहरा बनला तो तपासनीस. जुन्या लोकांच्या बोलण्यातला 'डिप्टी' तो हाच. डिप्टी येणार म्हटलं की शाळा सारवली जायची आणि मास्तरचे हात थरथरायचे.

तपासणारा आणि शिकवणारा यांतला फरक आपल्याला वेगळा सांगायला नको. ऑडिटर वेगळा आणि कोड रिव्ह्यू करणारा सिनियर वेगळा. ऑडिटरसमोर आपण चुका झाकतो, सिनियरला त्या स्वतःहून दाखवतो. नवीन मास्तरच्या वर्गात येणारा पहिला जाणता माणूस जर शेरेबुकात शेरा लिहायला आलेला असेल, तर मास्तर त्याला आपली अडचण सांगेल कशाला?

ही गोष्ट त्या काळीही कुणाच्या लक्षात आली नव्हती असं नाही. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून, आणि प्रशिक्षण घेतलेले असावेत, त्यांचा पगार 12 रुपयांपेक्षा कमी नसावा अशी मागणी केली होती. गावात मिसळणारा, गावाची गरज कळणारा शिक्षक त्यांना हवा होता. तयार शिक्षक आकाशातून पडत नाही, तो पैसे खर्चून घडवावा लागतो, हे फुल्यांना नेमकं ठाऊक होतं. सावित्रीबाई शिकून शिक्षिका झाल्या त्या त्यांच्या डोळ्यांसमोरच.

नंतरची शंभर वर्षं शर्यत होती ती आकड्यांची, आणि ते बरोबरच होतं. जिथे शाळाच नाही तिथे मेंटॉर कुणाला देणार? आमच्याच तालुक्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचं उदाहरण घ्या. जन्म 1898 चा. पुढे ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, 1930 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले, आणि 1932 मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. बहुजनांच्या पोरांना शाळेत आणणं हेच त्या पिढीचं काम होतं. 1948 मध्ये प्राथमिक शाळांचा कारभार जनपद सभांकडे गेला, 1962 मध्ये जिल्हा परिषद आली. शाळा गावोगावी पोचल्या. मास्तर मात्र एकटाच राहिला.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) आठवते? ती माणदेशातली गोष्ट, पण कोवळा मास्तर आणि एकशिक्षकी शाळा आमच्याकडेही तशीच. त्या मास्तरला सांभाळून घेतो तो गावचा म्हातारा कारभारी. खात्यातला कुणी नाही!

1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर पहिल्यांदा थोडं हललं. 'खडू-फळा मोहिमे'ने प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान दोन शिक्षक असावेत असं ठरवलं. जिल्ह्याजिल्ह्यात 'डाएट' उघडल्या. 1994 मध्ये महाराष्ट्राने दहाएक शाळांचं एक केंद्र केलं आणि त्यावर केंद्रप्रमुख नेमले. राज्यभर 4,860 पदं. कल्पना झकास होती. जवळचाच एक अनुभवी शिक्षक, जो वर्गात येऊन शेजारी बसेल. पण हळूहळू केंद्रप्रमुख माहिती गोळा करणारा पोस्टमन झाला. वरून तक्ता येतो, खालून भरून जातो. त्यात पदं रिकामी. 2023 मध्ये त्यातल्या 2,384 पदांसाठी विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली, आणि परीक्षा लांबत गेली.

आता आपल्या त्या 'उमेदवारी'कडे परत येऊ. 2000 साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शिक्षकाने पहिली तीन वर्षं महिना 3,000 रुपये मानधनावर काम करायचं, नंतर वेतनश्रेणी. पुढे ते 6,000 झालं, आणि 2023 च्या फेब्रुवारीत 16,000. वाद सगळा या आकड्यावर झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. शेजारी कायम असलेले गुरुजी तेच काम कितीतरी पट पगारावर करत असताना 3,000 रुपयांत घर कसं चालवायचं?

पण मला त्याहून खटकते ती दुसरी गोष्ट. तीन वर्षांची उमेदवारी म्हणजे शिकण्याचा काळ. मग शिकवणारा कुठाय? योजनेने उमेदवारीतली पहिली गोष्ट, म्हणजे कमी पैसे, तेवढी उचलली. दुसरी, म्हणजे शेजारी बसलेला जाणता माणूस, सोडून दिली. थोडक्यात काय, के-शटलवर्थच्या योजनेतलं विद्यावेतन आलं, हेडमास्तरचे 5 पौंड राहिले.

तुम्ही म्हणाल, हे आदर्शवादी झालं, आपल्याकडे कुठे शक्य आहे? तर दोन उदाहरणं. इंग्लंडमध्ये 2021 पासून नव्या शिक्षकाची पहिली दोन वर्षं उमेदवारीची धरतात. त्याला ठरवून दिलेला मेंटॉर असतो, आणि शिकण्यासाठी पहिल्या वर्षी 10 टक्के, दुसऱ्या वर्षी 5 टक्के तास कमी मिळतात. पगार पूर्ण.

ते परदेशातलं म्हणून सोडून द्या. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या शाळांमधल्या शिक्षकांसोबत ज्ञानरचनावादी पद्धत उभी केली. 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात राज्यभरातून शिक्षक ते वर्ग बघायला गाड्या भरभरून गेले. इथे नवीन पद नव्हतं. पद तेच, तपासणीचं. फक्त त्या खुर्चीतल्या बाई शेरा मारण्याऐवजी शिक्षकांसोबत कामाला लागल्या.

पण एका चांगल्या बाईंच्या भरवशावर सगळा तालुका चालत नाही. त्यासाठी व्यवस्था लागते, आणि ती काही रॉकेट सायन्स नाही. केंद्रातल्या एका मुरलेल्या शिक्षकाकडे दोन नवे शिक्षक सोपवा. आठवड्यातला अर्धा दिवस त्याला त्यासाठी मोकळा द्या. थोडा भत्ता द्या. आणि मुख्य म्हणजे, तो जे बघेल ते शेरेबुकात जाणार नाही याची हमी द्या. सगळ्यात अवघड हे शेवटचंच!

एक साधा हिशोब मांडतो आणि थांबतो. शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपून तो कायम होतो, तोवर पहिल्या दिवशी त्याच्यासमोर पहिलीत बसलेली पोरं चौथीत गेलेली असतात. गुरुजी एव्हाना चुकतमाकत शिकलेले असतात. त्या पोरांची पहिली मात्र परत येत नाही.

असो. पुढच्या वीकांताला काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो. तोवर तुमच्या शाळेतल्या मास्तरांना कुणी शिकवलं होतं, ते जरा त्यांनाच विचारून बघा.